तुटीचा कागद

जर्मन भाषेत त्याला डेफिझिटबेशाइड म्हणतात. मराठीत सांगायचं तर तुटीचा कागद. तीन-चार वर्षांचं नर्सिंग कॉलेज, राज्य परिषदेची नोंदणी आणि आयसीयूतल्या रात्रपाळ्या गाठीशी असलेली सिस्टर जर्मनीत नर्स म्हणून मान्यता मागते, तेव्हा तिच्या हाती हा कागद पडतो. त्यात लिहिलेलं असतं की तुमच्या शिक्षणात आणि जर्मन शिक्षणात महत्त्वाचे फरक आहेत, म्हणून तूर्त पूर्ण समकक्षता देता येत नाही. वाचून मन खट्टू होतं. इतकी वर्षं केलं ते काय होतं मग, असं वाटतं.

म्हणून आधी हे सांगायला हवं की हा कागद म्हणजे नकार नाही. परिचारिकेचा पेशा जर्मनीत नियमनाखाली येतो. सॉफ्टवेअरवाल्याला मालकाने नोकरी दिली की पुरतं, पण नर्सला राज्याची परवानगी लागते. ती हातात आल्याशिवाय ‘फ्लेगेफाखफ्राऊ’, पुरुष असेल तर ‘फ्लेगेफाखमान’, ही उपाधी लावता येत नाही. युरोपीय संघाबाहेर शिकलेल्या बहुतेकांना आधी तुटीचाच कागद मिळतो आणि तो मिळाल्यावरच पुढचा रस्ता खुला होतो. तूट कुठे आणि किती आहे हे त्यात लिहिलेलं असतं, आणि ती भरून कशी काढायची हेही.

तूट मोजतात ती तासांत, आणि सगळी गोम इथेच आहे. जर्मनीत १ जानेवारी २०२० पासून नर्सिंगचं नवं, एकत्रित शिक्षण सुरू झालं. तीन वर्षांत वर्गातले २१०० तास आणि प्रत्यक्ष कामाचे २५०० तास. या प्रत्यक्ष कामात तीन मुक्काम सक्तीचे आहेत: रुग्णालय, वृद्धांची दीर्घकालीन निवासी शुश्रूषा आणि घरोघर जाऊन केलेली शुश्रूषा. प्रत्येकी ४०० तास. शिवाय बालरोग आणि मानसोपचार. आता आपल्याकडची जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बी.एस्सी. नर्सिंग झालेली मुलगी या चौकटीत ठेवून पाहा. रुग्णालयाचे तास भरभरून आहेत. बाळंतपणाच्या वॉर्डात तर तिने जर्मन विद्यार्थिनीपेक्षा कितीतरी जास्त काम केलेलं असतं, कारण तिकडे प्रसूतीचं काम हा सुईणीचा वेगळा पेशा आहे. पण वृद्धाश्रमाचे तास जवळपास नाहीत आणि घरपोच शुश्रूषेचे तास कागदावर दिसत नाहीत.

दिसत नाहीत, असं मुद्दाम म्हटलं. कम्युनिटी हेल्थ नर्सिंग हा आपल्या अभ्यासक्रमातला मोठा भाग आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातली पोस्टिंग, गावातल्या घरभेटी, बाळंतीण आणि बाळ पाहणं, अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीची मलमपट्टी, हे सगळं मुलींनी केलेलं असतं. कॉलेजच्या ट्रान्स्क्रिप्टवर मात्र ‘कम्युनिटी पोस्टिंग’ असे दोन शब्द आणि पुढे एक आकडा एवढंच असतं. तिकडे टेबलावर बसलेल्या माणसाला त्या आकड्यात किती घरभेटी आणि किती लसीकरण शिबिरं हे कसं कळणार? त्याने ते तास वृद्धशुश्रूषेत धरले नाहीत तर त्याला दोष देता येत नाही. तेच तास फोडून, विषयवार लिहिलेले असले तर सगळे मान्य होतील याची खात्री नाही, पण तुलना करणाऱ्याच्या हाती काहीतरी लागतं.

जर्मनीचा विचार डोक्यात आला की भाषेच्या क्लासच्याही आधी कॉलेजच्या ऑफिसात जावं ते यासाठी. मार्कशीट पुरत नाही, कारण तिच्यावर गुण असतात, तास नसतात. हवं ते असं पत्रक, ज्यात वर्षवार प्रत्येक विषयाचे वर्गातले तास आणि प्रत्येक वॉर्डातले प्रत्यक्ष तास वेगवेगळे लिहिलेले आहेत, खाली प्राचार्यांची सही आणि गोल शिक्का आहे. सोबत अभ्यासक्रमाची प्रत, आणि तीही आपण शिकलो त्या वर्षीची. जीएनएमचा अभ्यासक्रम मध्यंतरी बदलला आणि साडेतीन वर्षांचा कोर्स तीन वर्षांचा झाला. बी.एस्सी. नर्सिंगला २०२१-२२ पासून सत्रपद्धती आली. ऑफिसातला क्लार्क हाताला लागेल तो नवा अभ्यासक्रम झेरॉक्स करून देतो. मग डिप्लोमावर एक कालावधी, अभ्यासक्रमावर दुसरा, आणि फाइल शंका लावून परत येते. कॉलेज बंद पडलं असेल तर परीक्षा घेणाऱ्या मंडळाकडे किंवा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे जाणं आलं. त्याला वेळ लागतो. तो वेळ भारतात असताना काढता येतो, तिकडे गेल्यावर घरच्यांना हेलपाटे घालावे लागतात.

अनुभवाच्या दाखल्याचंही तसंच. कायद्याने नोकरीतला अनुभव तूट भरून काढायला धरता येतो, ही मोठीच सवलत आहे. पण आपल्याकडचा दाखला कसा असतो? ‘कुमारी अमुक यांनी आमच्या रुग्णालयात स्टाफ नर्स म्हणून तमुक साली काम केले. त्या मेहनती व प्रामाणिक होत्या. त्यांच्या भावी आयुष्यासाठी शुभेच्छा.’ वाचायला छान, तुलनेला निरुपयोगी. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आठवड्याला किती तास, कोणत्या विभागात, तिथे कसले रुग्ण होते आणि नर्सच्या हातात नेमकी कोणती कामं होती, एवढं त्यात हवं. वृद्ध, पक्षाघाताचे किंवा कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतले रुग्ण सांभाळले असतील तर ते आवर्जून लिहून घ्यावं, कारण तूट नेमकी तिथेच निघते. मेट्रनला मसुदा आपणच लिहून दिला तर त्या बहुतेक वेळा आनंदाने सही करतात. त्यांनाही काय लिहायचं ते ठाऊक नसतं.

नावाची भानगड खास आपल्याकडची. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि खाली वेगळं आईचं नाव. डिप्लोमावर क्रम उलटा. लग्न झालं की नर्सिंग परिषदेच्या नोंदणीत जुनं आडनाव, पासपोर्टवर नवं, मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं. आपल्याला यात काही खटकत नाही, कारण ही सगळी एकच बाई हे आपण डोळे मिटून ओळखतो. जर्मन कारकुनापुढे मात्र तीन वेगळ्या बायका उभ्या राहतात. विवाह नोंदणीचा दाखला आणि त्याचं भाषांतर फाइलमध्ये पहिल्यापासून असावं. लग्नाशिवाय नाव बदललं असेल तर राजपत्रातली नोंद लावावी. स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर कमीजास्त असेल तर नोंदणी दुरुस्त करून घेणं सगळ्यात चांगलं. प्रतिज्ञापत्रावर भागवण्याची आपली सवय तिकडे दरवेळी चालत नाही.

आता पैसे वाया जाण्याची जागा. परदेशी कागद म्हटलं की ओळखीचे लोक लगेच अपॉस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का, करून घ्या म्हणतात. भारत २००५ साली अपॉस्टिलच्या हेग करारात आला हे खरं, पण जर्मनीने भारताच्या प्रवेशाला हरकत घेतली. त्यामुळे या दोन देशांमध्ये तो करार लागू नाही आणि भारतीय अपॉस्टिलला जर्मन कचेरीत वजन नाही. मुलींनी प्रत्येक कागदावर तो स्टिकर लावून घेतलेला असतो, दरडोई काही हजार रुपये घालवून. खरोखर लागतं ते असं: मूळ कागदाची अधिकृत साक्षांकित प्रत आणि शपथबद्ध भाषांतरकाराने केलेलं जर्मन भाषांतर. साक्षांकन कोणाचं चालेल हे प्रत्येक कचेरीचं वेगळं असतं. आपल्या गॅझेटेड अधिकाऱ्याचं ‘ट्रू कॉपी’ बहुतेक ठिकाणी पुरत नाही, जर्मन वकिलातीचं पुरतं. आधी साक्षांकन, मग त्याच प्रतीचं भाषांतर, हा क्रम पाळला तर शिक्क्यांचंही भाषांतर होतं आणि दोनदा खर्च पडत नाही. मूळ कागद मात्र कुणाच्याही हवाली करू नयेत, एजंटाच्या तर नाहीच.

एजंटाचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट बोलायला हवं. नर्सची भरती करताना भाषा, मान्यता, विमान यांचा खर्च मालकाने करायचा, हे जर्मन सरकारच्या पाठिंब्याने चालणाऱ्या ‘फेअर रिक्रूटमेंट हेल्थकेअर जर्मनी’ या शिक्क्यामागचं तत्त्व आहे. तो शिक्का असलेल्या संस्था नर्सकडून पैसे घेऊ शकत नाहीत. मुलीच्या आईबापाने शेत गहाण टाकून लाखो रुपये भरावेत असं या व्यवहारात काहीच नाही. करारात एक कलम मात्र डोळ्यांत तेल घालून वाचावं: अमुक महिने नोकरी केली नाही तर खर्च परत करा. आकडा किती, तो दर महिन्याला उतरत जातो का, आणि परीक्षेत नापास झाल्यावर नोकरी गेली तरी तो लागू होतो का, हे तीन प्रश्न सहीच्या आधी विचारायचे.

अर्ज कुठे करायचा हे राज्यावर ठरतं. जर्मनीत आरोग्याचे पेशे राज्यांच्या हाती आहेत, म्हणून नोकरीचं गाव आधी पक्कं व्हावं लागतं. बाडेन-व्युर्टेम्बेर्गमध्ये श्टुटगार्टची रेगिअरुंग्सप्रेझिडियुम ही कचेरी हे काम पाहते, नॉर्थऱ्हाइन-वेस्टफालियात म्युन्स्टरची. महाराष्ट्राशी पहिल्या राज्याचं नातं जुनं आहे. श्टुटगार्ट आणि मुंबई १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, आणि २०२४ साली महाराष्ट्र सरकारने याच राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात नर्सही आहेत. केरळच्या मुली १९६० च्या दशकापासून जर्मन रुग्णालयांत जात आल्या. त्यांच्याकडे मावशी, आत्या, शेजारीण अशी माहितीची साखळी आहे. आपल्याकडे ती आत्ता कुठे तयार होते आहे, म्हणून या बारीकसारीक गोष्टी लिहून ठेवायला हव्यात. अजून परदेशातच असलेल्यांसाठी बॉन शहरात एक केंद्रीय मार्गदर्शन कचेरी २०२० पासून आहे. ती फुकट सल्ला देते आणि फाइलवर सुरुवातीपासून नजर ठेवते. तिचा उपयोग आपले लोक फार कमी करतात.

अर्ज पोचला की कचेरी पोच देते आणि काय कमी आहे ते कळवते. निर्णयाची मुदत मोजली जाते ती कागद पूर्ण झाल्या दिवसापासून, अर्जाच्या दिवसापासून नाही. एका भाषांतरामुळे दोन महिने जातात ते असे. मालकाने जलद प्रक्रिया निवडली, तिची फी ४११ युरो आहे, तर पूर्ण कागद हाती आल्यावर मान्यतेचा निर्णय दोन महिन्यांत व्हावा अशी तरतूद आहे. २०२४ पासून आणखी एक सोय झाली: तुलना नकोच, थेट परीक्षा किंवा प्रशिक्षण द्या, असं लिहून देता येतं. ज्यांचं कॉलेज बंद आहे, तासांचं पत्रक मिळण्याची आशा नाही, त्यांना हे वरदानच. पण दहा वर्षांचा नीट लिहिलेला अनुभव असेल तर तुलनेचा हक्क घाईघाईत सोडू नये. तूट लहान निघाली तर प्रशिक्षणाचे कितीतरी महिने वाचतात.

तुटीच्या कागदात दोन वाटा दिलेल्या असतात. एक आनपासुंग्सलेअरगांग, म्हणजे कमी पडलेले तास शाळेत आणि वॉर्डात भरून काढायचे, शेवटी संवादरूप चाचणी. दुसरी केन्टनिसप्र्यूफुंग, म्हणजे ज्ञानपरीक्षा: तोंडी भाग ४५ ते ६० मिनिटांचा, आणि प्रात्यक्षिकात शुश्रूषेचे किमान दोन, जास्तीत जास्त चार प्रसंग. नापास झालेला भाग एकदाच पुन्हा देता येतो. परीक्षेची वाट लवकर संपते म्हणून तिच्याकडे ओढा असतो. भाषा कच्ची असेल तर प्रशिक्षणाची वाट धरावी, असं माझं ठाम मत आहे. तोंडी परीक्षेत नापास होणारी मुलगी नर्सिंगमध्ये कमी पडते असं सहसा होत नाही. तिला माहीत असलेलं वाक्यात येत नाही, आणि दुसरी संधी हीच शेवटची असते.

जर्मन भाषेचं प्रमाणपत्र बी-२, म्हणजे मध्यम पातळीच्या वरच्या टप्प्याचं, लागतं. पुण्या-मुंबईच्या मॅक्सम्युलर भवनात ही परीक्षा वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं अशा चार तुकड्यांत होते. प्रत्येकात १०० पैकी ६० हवेत, आणि राहिलेला तुकडा तेवढाच पुन्हा देता येतो. पण परीक्षेची जर्मन वेगळी आणि वॉर्डातली वेगळी. श्वाबेन भागातल्या आजी ‘फूस’ दुखतो म्हणाल्या तर त्यांचं पाऊल दुखत असेलच असं नाही. तिथल्या बोलीत फूस म्हणजे कमरेपासून खाली अख्खा पाय. ‘हेबन’ म्हणजे पुस्तकात उचलणं, तिथे धरणं. नोंदवहीत पाऊल लिहिलं आणि दुखत होती मांडी, तर रक्ताची गाठ नजरेतून सुटू शकते. म्हणून बोट ठेवून दाखवा म्हणायचं. याची लाज वाटायचं कारण नाही, शेजारच्या राज्यातून आलेल्या जर्मन नर्सही तेच करतात.

प्रात्यक्षिकाची सकाळ जवळून पाहण्यासारखी असते, कारण आपल्या आणि त्यांच्या नर्सिंगमधला खरा फरक तासांच्या तक्त्यापेक्षा तिथे जास्त कळतो. आपल्याकडे सिस्टर म्हणजे सलाइन, इंजेक्शन, औषधं, डॉक्टरांचा राउंड. अंघोळ, बेडपॅन, भरवणं हे मावशी आणि नातेवाईक करतात. तिकडे शिरेत सुई घालणं मुळात डॉक्टरचं काम मानतात, आणि अंग पुसणं हे नर्सचं, शिकून करायचं काम. ग्रुंडफ्लेगे, मूलभूत शुश्रूषा. अनेक मुलींना वाटतं आपल्याला खालच्या कामाला लावलं. परीक्षा मात्र नेमकी त्यावरच असते.

परीक्षक दोन, हातात वही. मुलगी दार वाजवते, आजींना आडनावाने हाक मारते, काय करणार ते सांगते आणि हो म्हणेपर्यंत थांबते. मनगट आणि हात मोकळे: बांगडी नाही, घड्याळ नाही, लग्नाची अंगठीसुद्धा नाही, कारण हात आणि कोपरापर्यंतच्या भागावर दागिना चालत नाही. जंतुनाशक ३० सेकंद चोळून जिरवायचं. पलंग कमरेच्या उंचीला घ्यायचा. पाणी कसं वाटतंय ते आजींना विचारायचं. चेहरा साबणाशिवाय. जो भाग धुतोय तेवढाच उघडा, बाकी अंगावर टॉवेल. जे आजी स्वतः करू शकतात ते त्यांना करू द्यायचं, मग दुप्पट वेळ लागो. इथे आपल्या मुली हमखास अडकतात, कारण म्हाताऱ्या माणसाला कष्ट पडू द्यायचे नाहीत हा आपला संस्कार. तिकडे त्या माणसाची उरलेली शक्ती टिकवणं हीच शुश्रूषा. कुशीवर वळवल्यावर माकडहाडाजवळ लालसर डाग दिसला तर बोटाने दाबून सोडायचं. पांढरं पडून पुन्हा लाल झालं तर ठीक, दाबूनही लालच राहिलं तर शय्याव्रणाची सुरुवात. हे पाहिलं, बोलून दाखवलं, कूस बदलण्याचं वेळापत्रक नोंदवलं की वहीत चांगली खूण होते. स्तनाखालची घडी कोरडी टिपायची. शेवटी पलंग खाली, चष्मा आणि पाणी जवळ, बोलावण्याची घंटी हाताशी. ती घंटी विसरली तर आधीचं नीटनेटकं काम असूनही प्रश्न येतोच: आता यांना काही झालं तर त्या तुम्हाला कशा बोलावणार?

त्यानंतर नोंद, पुढच्या पाळीला तोंडी हवाला (रुग्णांची माहिती सोपवणं), आणि स्वतःच्या कामाचं परीक्षण: काय बरं झालं, काय वेगळं करता आलं असतं. चूक आपणहून सांगितली तर गुण जातात ही आपल्या परीक्षांची सवय इथे मोडावी लागते. झाकलेली चूक महागात पडते, ओळखलेली चूक बहुतेक वेळा माफ होते.

पास झाल्यावर आरोग्याचा दाखला आणि चारित्र्याचा दाखला लागतो. दोन्हींना मुदत असते, म्हणून ते सर्वांत शेवटी काढायचे. मग ऊरकुंडे, म्हणजे परवानगीचं प्रमाणपत्र, येते, जाडसर एकच पान. ते कोणत्याही एका राज्याने दिलं तरी अख्ख्या जर्मनीत चालतं. सार्वजनिक रुग्णालयाच्या वेतनश्रेणीत साहाय्यकाची पायरी सुटून पी-७ ही प्रशिक्षित नर्सची पायरी लागते. छातीवरच्या पट्टीवरचं ‘मान्यता प्रक्रियेत’ जातं आणि फ्लेगेफाखफ्राऊ येतं, जरी आजी तिला पूर्वीसारख्याच ‘श्वेस्टर’ म्हणतात. ड्यूटीच्या तक्त्यात तिचं नाव साहाय्यकांच्या ओळींतून वर सरकतं, आणि पुढच्या रात्रपाळीला हवाला संपल्यावर औषधांच्या कपाटाची किल्ली तिच्या हातात दिली जाते.